दोन वाजून सतरा

कॅज्युअल्टीतलं घड्याळ ७ मिनिटं पुढे होतं आणि आयसीयूतलं ४ मिनिटं मागे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला नोकरीला लागून १९ वर्षं झाली होती. एका केसपेपरवर कॅज्युअल्टीतून पेशंट हलवल्याची वेळ होती ४ वाजून ७ मिनिटं, आणि वर आयसीयूत अँटिबायोटिकचा पहिला डोस सुरू केल्याची वेळ ४ वाजून २ मिनिटं. पेशंट वर पोचायच्या आधीच त्याला वरचं औषध मिळालेलं. दोन्ही सिस्टर माझ्या ओळखीच्या, कामाला चोख, खोटं लिहिणाऱ्यांतल्या नव्हेत. मग मी मोबाइल हातात घेऊन दोन्ही घड्याळांखाली जाऊन उभी राहिले. ११ मिनिटांचा फरक. रोज त्याच घड्याळांकडे बघून आम्ही वेळा लिहीत होतो, सह्या करत होतो आणि महिनाअखेरीला त्या वेळांची सरासरी काढून वर पाठवत होतो.

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी, महामार्गापासून जरा आत आमचं ५० खाटांचं रुग्णालय आहे. मी आधी वॉर्डात होते, मग आयसीयूत, आणि आता गुणवत्तेच्या कामावर. ओळखीचे लोक विचारतात, ‘हल्ली ड्यूटी नाही का करत?’ करते. फक्त माझा पेशंट आता कागदावर झोपलेला असतो. घरी गेलेल्या, दुसरीकडे हलवलेल्या आणि गेलेल्या माणसांचे केसपेपर माझ्या टेबलावर येतात आणि मी त्यातून वेळा शोधते. दारात कधी आला, बीपी पहिल्यांदा कधी घेतलं, रक्त कल्चरला, म्हणजे त्यात कोणता जंतू वाढतो ते बघायला, कधी गेलं, डॉक्टरांनी अँटिबायोटिक कधी लिहिलं, आणि ते शिरेत खरोखर कधी गेलं. हे सगळं सेप्सिसच्या रजिस्टरात उतरवायचं.

सेप्सिस म्हणजे काय, हे नातेवाईकांना सांगताना मी सोपं करून सांगते. अंगात जंतू शिरला की शरीर त्याच्याशी झुंजतं. कधी कधी ती झुंज इतकी बेभान होते की शरीर स्वतःचेच अवयव मोडायला लागतं. लघवी कमी होते, धाप लागते, बीपी खाली येतं, माणूस बरळतो. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी केलेली व्याख्याही जवळपास हेच सांगते. २०१७ या एका वर्षात जगात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यात १ कोटी १० लाख लोक दगावले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. आमच्याकडे याची सुरुवात फार साध्या गोष्टीने होते. लावणीत पायाला झालेली जखम, काजूच्या बागेत गवत काढताना चावलेलं काहीतरी, साखरेच्या पेशंटच्या बोटामधली चीर, बाळंतपणानंतर चार दिवसांनी भरलेली हुडहुडी.

घड्याळं मोबाइलशी जुळवून घेतली आणि मला वाटलं, झालं काम. मग रजिस्टर जरा मागे मागे चाळत गेले. पहिल्या डोसच्या वेळा बघा: १० वाजता, १०:३०, ११, ११:१५, २ वाजता, ४ वाजता. पानंच्या पानं अशीच गोल. १० वाजून ८ मिनिटांनी किंवा ३ वाजून ४१ मिनिटांनी आमच्याकडे कुणालाच औषध दिलं गेलं नव्हतं. खरी वेळ अशी गोल नसते. सलाईन लावताना शीर सापडत नाही, पावसाळ्यात लाईट जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत व्हायल हातात धरून उभं राहावं लागतं. गोल वेळ म्हणजे ड्यूटी संपताना, हँडओव्हरच्या आधी, आठवून लिहिलेली वेळ.

मी कुणाला रागावले नाही. मीही तेच करत आले होते. रात्री एका सिस्टरकडे १२ पेशंट असतात, त्यातला एक खाली जातोय, दुसऱ्याचा मुलगा दारात उभा राहून विचारतोय. अशा वेळी हात आधी पेशंटकडे जातो, पेनाकडे नाही, आणि तो तसाच जायला हवा. पण आठवून लिहिलेली वेळ नेहमी एकाच बाजूला झुकते, हेही खरं. ज्या वेळी औषध द्यायला हवं होतं त्या वेळेकडे ती झुकते. लबाडी म्हणून नव्हे. मनच तसं आठवतं.

आणखी एक गोष्ट कळली. ट्रीटमेंट शीटवर डॉक्टर औषध लिहितात त्याची एक वेळ असते, आणि ते शिरेत जातं त्याची दुसरी. या दोन वेळांच्या मधे काय काय असतं! चिठ्ठी घेऊन नातेवाईक औषधाच्या दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, हे नाही, दुसऱ्या कंपनीचं आहे, चालेल का विचारून या. तो पुन्हा वर येतो. मग पैसे मोजले जातात, कमी पडतात, भावाला फोन होतो. इकडे कल्चरच्या बाटल्या लॅबमधून यायच्या असतात. आमच्या रजिस्टरात कित्येक ठिकाणी लिहिल्याची वेळच दिल्याची वेळ म्हणून उतरली होती. कागदावर औषध लिहिलं त्याच मिनिटाला पेशंटला मिळालं. ज्या पाऊण तासात तो माणूस तळमळत पडला होता तो पाऊण तास कागदावर नव्हताच, आणि कागदावर नव्हता म्हणून तो कमी करायचाही कुणाला सुचला नाही. पुढे आम्ही कॅज्युअल्टीतल्या एका कुलपाच्या ट्रॉलीत चार अँटिबायोटिकचे पहिले डोस भरून ठेवायला लागलो. पैसे नंतर. हे सुचलं ते खऱ्या वेळा लिहायला लागल्यानंतरच.

पहिल्या तासाचं एवढं काय, असं नव्या मुली विचारतात. मी त्यांना २००६ साली आलेला एक अभ्यास सांगते. कॅनडा आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या, सेप्सिसमुळे बीपी कोसळलेल्या २,७३१ पेशंटच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. बीपी पडल्यावर पहिल्या तासात योग्य औषध मिळालेल्यांपैकी जवळपास ८० टक्के वाचले. त्यापुढे सहा तासांपर्यंत, प्रत्येक तासाच्या उशिरामागे वाचण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी उतरत गेलं. योग्य औषध, हा त्यातला शब्द मी तेव्हा घाईघाईत वाचून पुढे जात असे. त्याच्याकडे मला नंतर परत यावं लागलं.

आणि मी त्यांना रोरी स्टाँटनबद्दल सांगते. न्यूयॉर्कचा १२ वर्षांचा मुलगा. शाळेच्या व्यायामशाळेत खेळताना पडला, हाताला खरचटलं. ताप आला, उलट्या झाल्या, रुग्णालयातून घरी पाठवला गेला, आणि १ एप्रिल २०१२ रोजी सेप्सिसने गेला. त्याचे आईवडील थांबले नाहीत. २०१३ साली न्यूयॉर्क राज्याने रुग्णालयांना सेप्सिसचे नियम बांधून दिले. त्या नियमांना त्याच मुलाचं नाव आहे. प्रत्येक रुग्णालयाने वेळा नोंदवून राज्याला कळवायच्या. त्या नोंदींतून २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास निघाला: १४९ रुग्णालयं, ४९,३३१ पेशंट. कल्चर, लॅक्टेटची तपासणी (अवयवांना रक्त कमी पडतंय का, याचा अंदाज देणारी) आणि अँटिबायोटिक या तीन गोष्टी पुऱ्या व्हायला जितका उशीर, तितकी मृत्यूची शक्यता तासामागे सुमारे ४ टक्क्यांनी जास्त.

त्या ४९,३३१ मधली प्रत्येक वेळ कुणीतरी लिहिली असणार. कुठल्या तरी वॉर्डात, कुठल्या तरी सिस्टरने, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. त्यांनीही सगळ्यांनी ड्यूटी संपताना गोल वेळा लिहिल्या असत्या तर तो अभ्यास कशावर उभा राहिला असता? हा विचार मनात आला त्या दिवसापासून माझं काम मला कारकुनीचं वाटेनासं झालं.

अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ पासून हे देशभर मोजलं जातं. तिथल्या सरकारी विमा योजनेच्या मापनात संसर्गाचा संशय नोंदलेला असणं, ताप, नाडी, श्वास, पांढऱ्या पेशी यांपैकी किमान दोन गोष्टी बिघडलेल्या असणं आणि एखाद्या अवयवाचं काम ढासळलेलं असणं, हे तिन्ही सहा तासांच्या आत जुळलं की तिथून घड्याळ सुरू होतं. तीन तासांत लॅक्टेट, कल्चर आणि शिरेतून अँटिबायोटिक. बीपी पडलं असेल तर वजनाच्या किलोमागे ३० मिलिलिटर सलाईन. यातली एक गोष्ट हुकली तरी तो पेशंट अख्खा नापास. अर्धे गुण नाहीत. आपल्याकडे अशी सक्ती नाही. पण आमचं रजिस्टर आखताना आम्ही त्यांचे रकाने बघितले, २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही बघितल्या. त्यात शॉकमधल्या, म्हणजे बीपी कोसळलेल्या पेशंटला एका तासाच्या आत अँटिबायोटिक द्यायला सांगितलं आहे. शॉक नाही आणि सेप्सिसची नुसती शंका आहे अशाला आधी नीट तपासा, शंका टिकली तर तीन तासांच्या आत द्या, असं म्हटलं आहे. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. जुलैमध्ये आमच्या कॅज्युअल्टीत येणारा प्रत्येक ताप सेप्सिस नसतो. डेंग्यू असतो, मलेरिया असतो, नुसता व्हायरल असतो. रकाना हिरवा करायचा म्हणून प्रत्येकाला मोठी अँटिबायोटिकं टोचली तर उद्या खऱ्या पेशंटला तीच लागू पडणार नाहीत. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही हीच काळजी मांडून, शॉक नसलेल्या पेशंटना त्या मापनातून वगळा अशी मागणी केली होती. मी त्यांच्या बाजूची आहे.

कल्चरचंही तसंच. आधी रक्त घ्यायचं, मग औषध द्यायचं. २०१९ साली उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात एकाच पेशंटचं रक्त औषधाच्या आधी आणि नंतर असं दोनदा घेतलं गेलं. आधीच्या रक्तात ३१ टक्के पेशंटमध्ये जंतू सापडले, नंतरच्यात १९ टक्के. दोन तासांच्या आतला हा फरक. आमच्याकडे तर बरेच पेशंट गावातून आधीच सुई घेऊन येतात.

‘डॉक्टरांनी सुई मारल्यानी.’
‘खयची?’
‘ता काय माहीत नाय. पांढरी होती.’

पांढरी पावडर पाण्यात विरघळवून दिलेलं काहीही असू शकतं. अमेरिकेच्या नियमात आधीच्या २४ तासांत शिरेतून मिळालेलं अँटिबायोटिकही धरतात, पण त्यासाठी ते कुणीतरी लिहिलेलं असावं लागतं. मी आता वाडीवाडीतल्या आशाताईंना एकच सांगून ठेवलंय: पेशंटबरोबर चिठ्ठी नसली तर रिकामी बाटली तरी पाठवा. पिशवीत, खिशात, कशातही. त्या बाटल्यांनी आमचे कितीतरी अंदाज वाचवलेत.

आता ज्या पेशंटबद्दल लिहायचं म्हणून हा लेख सुरू केला तिच्याकडे येते. मुद्दाम इतका वेळ लावला असं नाही, पण सोपंही नव्हतं.

ऑक्टोबर होता. भात पिवळं झालेलं, गवत कमरेएवढं. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावातून चाळिशी ओलांडलेली एक बाई आली. सहा दिवस ताप, डोकं फुटेल इतकं दुखतंय, आणि त्या दिवशी सकाळपासून उभं राहता येत नव्हतं. बीपी ८४ वर ५०. आमची कॅज्युअल्टी त्या दिवशी अशी चालली की मला अभिमान वाटावा. १० वाजून ४० मिनिटांनी दारात. कल्चर १०:५८ ला. वजन ४६ किलो, म्हणून १,३८० मिलिलिटर सलाईन. त्यातलं निम्मं आरएल, म्हणजे कॅल्शियम असलेलं सलाईन होतं, आणि त्या कॅल्शियमबरोबर सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन त्याच नळीतून गेलं तर गुठळी धरतं. ते लक्षात ठेवून सिस्टरने दुसऱ्या हाताला वेगळी सुई लावली. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन २ ग्रॅम, ११ वाजून २२ मिनिटांनी. ४२ मिनिटं. मी दुसऱ्या दिवशी केसपेपर बघितला, रजिस्टर भरलं, सगळे रकाने पूर्ण. निवड योग्य का, या रकान्यात मी ‘हो’ लिहिलं. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन अमेरिकेच्या मापनातल्या औषधांच्या यादीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. प्लेटलेट ४८ हजारांवर आले, लिव्हरच्या तपासण्या वाढलेल्या. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप असणार, सगळ्यांना वाटलं. कोकणात पावसाळ्याच्या मागेपुढे असा पेशंट आला की पहिलं नाव लेप्टोचंच येतं, आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन लेप्टोवर चालतं. म्हणजे औषध बरोबर चाललंय, थांबूया. तिसऱ्या दिवशी पहाटे रात्रपाळीची सिस्टर तिला स्पंज करत होती. परकराची नाडी बांधतात तिथे, कमरेच्या वळीत, तिला एक काळी खपली दिसली. बिडीचा चटका बसावा तशी, कडेने लालसर, दुखणारी नव्हे. त्या सिस्टरने ती खपली डॉक्टरांना उठवून दाखवली.

स्क्रब टायफस. गवतातल्या गोचिडीसारख्या बारीक किड्यांची पिल्लं चावतात, त्यातून हा जंतू शरीरात शिरतो. तो राहतो आपल्या पेशींच्या आत. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनच्या जातीची औषधं जंतूच्या भिंतीवर काम करतात. या जंतूवर ती चालत नाहीत. त्याला डॉक्सीसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन लागतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातल्या सात ठिकाणी झालेल्या चाचणीत, आजार गंभीर असेल तर ही दोन्ही शिरेतून एकत्र देणं एकेकट्यापेक्षा चांगलं, असं २०२३ मध्ये दिसून आलं. डॉक्सीसायक्लिन काही दुर्मीळ औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकांचे तीन गट केलेत, त्यात ते सगळ्यात साध्या, सगळीकडे असावं अशा गटात बसतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन त्याच्या वरच्या, जपून वापरायच्या गटात. पूर आला की आमच्याकडे लेप्टो होऊ नये म्हणून हेच डॉक्सीसायक्लिन वाटतात. २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठी घराघरांत शिरली, तेव्हाही त्या गोळ्यांची पाकिटं किती हातांतून गेली असतील. ते औषध आमच्या कपाटात होतं. तिच्यापासून २० पावलांवर, तीन दिवस.

त्या सकाळी तिला डॉक्सीसायक्लिन सुरू केलं. दुपारी व्हेंटिलेटर लागला. संध्याकाळी १०८ मधून बांबोळीला, गोव्याला नेलं. आमच्याकडचे गंभीर पेशंट नेहमी तिकडेच जातात. तिथे पाचव्या दिवशी ती गेली.

तिचा नवरा काही दिवसांनी विम्याच्या कागदांसाठी आला. माझ्या टेबलासमोर बसला. हातात टोपी. मी केसपेपर काढून दिला, झेरॉक्सवर शिक्का मारला. उठता उठता त्याने विचारलं, ‘औषध वेळेर दिलास मां, बाय?’

मी म्हटलं, ‘होय. वेळेर दिलंव.’

त्याने मान हलवली आणि तो गेला. मी खोटं बोलले नव्हते. ४२ मिनिटं, पुराव्यासकट. माझ्या रजिस्टरात ती बाई आजही पूर्ण गुण मिळवलेली पेशंट आहे.

अमेरिकेच्या यादीला मी दोष देत नाही. एकट्याने पुरेशी होणारी औषधं आणि जोडीने द्यायची औषधं, अशा दोन याद्या त्यांनी केल्या. एकट्याने पुरेशा होणाऱ्यांच्या यादीत डॉक्सीसायक्लिन नाही, कारण त्यांच्या कॅज्युअल्टीत येणारे आजार वेगळे. ती यादी त्यांच्या फुफ्फुसांच्या, मूत्रमार्गाच्या, पोटाच्या जंतूंसाठी आहे. आमच्या गवताची त्यांना काय कल्पना! आम्ही त्यांचे रकाने घेतले आणि त्या रकान्यात आमची माणसं बसवली, चूक ती आमची. त्यातही माझी जास्त. ‘निवड योग्य का’ असा प्रश्न मी छापून घेतला आणि त्याचं उत्तर औषधाच्या नावावरून दिलं. ते औषध का निवडलं, हे कधी विचारलंच नाही.

पुढच्या महिन्यात मी रजिस्टर नव्याने आखलं. हो-नाही काढून टाकलं. त्याजागी तीन ओळींची मोकळी जागा: संशय कशाचा, कशावरून, आणि दिलेलं औषध कशावर चालणार नाही. शेवटचा प्रश्न वाचून डॉक्टर आधी थोडे नाराज झाले. औषध कशावर चालतं ते सगळे लिहितात, कशावर चालत नाही ते लिहायला वेळ लागतो, म्हणाले. पण तेवढ्या वेळात डोक्यात डॉक्सीसायक्लिन येऊन जातं. आणखी एक ओळ वाढवली: ‘अंग पाहिलं.’ पडदा लावून, बाईमाणूस असेल तर सिस्टरने, काखा, छातीखाली, कंबर, जांघा, कानामागे. बायका लाजतात, पुरुषही लाजतात. समजावून सांगावं लागतं. त्या पावसाळ्यानंतर आम्हाला अशा खपल्या पहिल्याच दिवशी सापडायला लागल्या. किती, ते मी इथे लिहीत नाही. आकडा लिहिला की तोच मिरवायला लागतो. ४८ तासांनी पुन्हा त्याच पानावर यायचं, कल्चर बघायचं, मोठ्या अँटिबायोटिकऐवजी लहान चालेल का, बंद करता येतं का, तेही हाताने लिहायचं. हे सगळं टक्केवारीत बसत नाही. वर पाठवायच्या तक्त्यात त्याला जागा नाही. मी दोन्ही ठेवते, त्यांचा तक्ता वेगळा आणि आमचं रजिस्टर वेगळं.

वेळेसाठी एक साधी गोष्ट केली. औषध देणाऱ्या सिस्टरने वेळ मोठ्याने म्हणायची. जवळ जो असेल, मामा असो, मावशी असो, दुसरी सिस्टर असो, त्याने ती ट्रॉलीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहायची. पट्टी मग केसपेपरवर डकवायची. आठवायचं काही उरत नाही. सुरुवातीला मुली हळूच पुटपुटायच्या. आता रात्रीच्या शांततेत जिन्यापर्यंत ऐकू येतं.

गेल्या जुलैत मी अशीच एका रात्री थांबले होते. पाऊस आडवा मारत होता, रस्त्यावर झाड पडल्याने घरी जाता येण्यासारखं नव्हतं. १ वाजून ३८ मिनिटांनी खाडीपलीकडच्या गावातून एका म्हाताऱ्याला आणलं. पायाला मासेमारीच्या जाळ्याची दोरी कापलेली, पाय गुडघ्यापर्यंत सुजून लाल, अंग तापलेलं, नाडी धावत होती. सून बरोबर होती, भिजून चिंब. नवी सिस्टर, जेमतेम वर्षाची, पण तिचे हात स्थिर होते. कल्चर घेतलं, ट्रॉलीतून औषध काढलं, डॉक्टर त्या तीन ओळी लिहीत होते आणि तिने सिरिंजचा दट्ट्या पुढे सारता सारता खणखणीत आवाजात म्हटलं, ‘दोन वाजून सतरा.’ मावशींनी पट्टीवर लिहिलं. ३९ मिनिटं.

मी सुनेजवळ जाऊन बसले. टॉवेल दिला. आमच्या नव्या रजिस्टरात मी अगदी वर एक रकाना ठेवलाय, कोणत्याच यादीत नसलेला: घरी कधी बिघडलं.

‘कधीपासून असे झाले?’

‘सांजेक बरे होते. जेवले नाय. सुकती लागली तेवा माका वळखल्यानीच नाय.’

‘मग एवढा उशीर?’

‘गाडी गावाक नाय, बाय.’

तिच्या घरात घड्याळ असेलच, मोबाइलही होता हातात. पण सासरा भान हरपला ती वेळ तिने पाण्यावरून धरली होती, खिडकीबाहेर ओहोटी लागली तशी. माझे वडील होडीवर होते. आमच्या घरात घड्याळ उशिरा आलं, भरतीचं गणित आधी आलं. तिथीची पाऊणपट, म्हणजे भरती पुरी होते ती वेळ, तिथून सुकती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं. द्वादशी. बारा पाऊणे नऊ.

शाईने ३९ मिनिटं लिहून झाली होती. वरच्या रकान्यात मी तिचे शब्द तसेच लिहिले, सुकती लागली तेव्हा. आणि त्याच्या पुढे पेन्सिलीने, रात्री ९.